उद्ध्वस्ताचे घनदर्शन : जोडचित्रे, १८५८ आणि ‘माझा प्रवास’

१

वर्णनपर गद्याची वाखाणणी करावयाची झाली की मराठी समीक्षा दोन शब्दांकडे हमखास वळते : ‘चित्रदर्शी’ आणि ‘हुबेहूब’. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथाच्या वाट्याला तर हे दोन्ही शब्द विपुल आले आहेत. झाशीच्या वेढ्याचे आणि नंतरच्या लुटीचे त्यातील वर्णन छायाचित्रासारखे आहे, असे म्हटले की प्रशंसा पूर्ण झाली, असा समज आहे. परंतु ह्या प्रशंसेत एक गृहीत दडलेले असते. छायाचित्र म्हणजे जे होते ते जसेच्या तसे. आणि गद्य त्याच्या जितके जवळ जाईल तितके ते विश्वसनीय. उपमेय गद्य, उपमान छायाचित्र, आणि उपमानाची तपासणी कोणीही केलेली नाही.

ही तपासणी करावयास १८५७-५८ इतका सोयीचा काळ दुसरा नाही. ज्या महिन्यांत गोडसे भटजी झाशीच्या एका घरात जीव मुठीत धरून बसले होते, जवळपास त्याच महिन्यांत लखनौमध्ये कॅमेऱ्याने पडझडीची चित्रे घेतली जात होती. एकीकडे कोकणातील वरसई गावचा, दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघालेला भिक्षुक. दुसरीकडे सैन्याच्या मागोमाग आलेला फेलिचे बेआतो हा धंदेवाईक छायाचित्रकार. ह्या दोघांच्या मध्ये एक तिसरी वस्तू ठेवली तर तुलना अधिक स्पष्ट होते. ती वस्तू म्हणजे स्टिरिओस्कोप. युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत बसून दूरदेशीचे अवशेष ‘खोलीसह’ पाहण्याची सोय ह्या यंत्राने केली आणि युद्धाने पाडलेल्या वास्तू हा पुढे त्याचा एक आवडता विषय झाला. प्रश्न असा की, ह्या यंत्राने दाखविलेली खोली आणि गोडसे भटजींच्या गद्यातील खोली ह्या एकाच जातीच्या आहेत काय?

२

स्टिरिओस्कोपचे तत्त्व साधे आहे. माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून सुमारे अडीच इंच अंतरावर असतात. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळे दिसते आणि ह्या दोन विसंगत प्रतिमांची मेंदूत सांगड घातली गेली की अंतराची, उठावाची जाणीव होते. चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे प्रतिपादन केले आणि आरशांचे एक यंत्र करून ते सिद्धही केले. छायाचित्रणाचा शोध जाहीर होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. व्हीटस्टन ह्यांच्या यंत्रात रेखाकृती होत्या. डेव्हिड ब्रूस्टर ह्यांनी १८४९ मध्ये भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप मांडला, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो लोकांपुढे आला आणि १८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी स्थापन होऊन ह्या चित्रांचा घाऊक व्यापार सुरू झाला. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यांनी १८६१ च्या सुमारास हातात धरावयाचे स्वस्त यंत्र घडविले. साडेतीन इंच रुंद आणि सात इंच लांब पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी डकविलेली दोन चित्रे, हे त्याचे रूढ झालेले रूप. ह्या पुठ्ठ्याला येथे ‘जोडचित्र’ म्हटले आहे.

जोडचित्राविषयी दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली, पुठ्ठ्यावर खोली कोठेही नसते. तेथे दोन सपाट चित्रे असतात. खोली पाहणाराच्या ठायी निर्माण होते. जोनाथन क्रेरी ह्यांनी ‘टेक्निक्स ऑफ द ऑब्झर्व्हर’ (१९९०) ह्या ग्रंथात ह्याच मुद्द्यावर भर दिला आहे : स्टिरिओस्कोपमधील दृश्य एकसंध अवकाशासारखे नसते, ते एकामागे एक उभ्या केलेल्या कापीव पडद्यांसारखे असते आणि त्याला ‘वास्तव’ ठरविण्याचे काम निरीक्षकाचे शरीर करते. दुसरी गोष्ट, ही खोली सर्वत्र सारखी मिळत नाही. दूरचे डोंगर दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून ते सपाटच राहतात. उठाव मिळतो तो जवळच्या वस्तूंना. म्हणून जोडचित्रे काढणारा छायाचित्रकार अग्रभागी काहीतरी शोधत असतो : एखादा खांब, झाडाची फांदी, कमानीची कड.

उद्ध्वस्त वास्तू ह्या यंत्राला का मानवली, ह्याचे उत्तर येथे सापडते. धड इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे एक सपाट पडदा. तोफगोळ्याने भिंतीला भगदाड पडले की त्यातून मागची भिंत दिसते, तिच्या खिडकीतून त्यामागचे आकाश दिसते. पुढे विटांचा ढीग येतो, एखादी तुटलेली तुळई तिरपी पडलेली असते. म्हणजे खोली दाखविण्यासाठी जे जे हवे ते सर्व पडझडीने आयते पुरविलेले असते. त्यात तांत्रिक सोयीचीही भर पडली. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप द्यावयाचा, ती ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच काळोख्या तंबूत ते धुवावयाचे, असा खटाटोप असे. चालत्या लढाईचे चित्र त्यात मिळणे शक्य नव्हते. न हलणारे जे असेल तेच काचेवर उमटे. आणि युद्धानंतर न हलणाऱ्या वस्तू दोनच उरतात, अवशेष आणि प्रेते. १८५५ मध्ये रॉजर फेंटन ह्यांनी क्रिमियात घेतलेल्या प्रसिद्ध चित्रात नुसती ओसाड वाट आणि तोफगोळे आहेत. सेव्हास्तोपोल पडल्यानंतर जेम्स रॉबर्टसन आणि त्यांचे मेहुणे बेआतो ह्यांनी तेथील ढासळलेल्या तटबंदीची चित्रे घेतली. ‘युद्धाचे छायाचित्रण’ म्हणून जे आरंभी पुढे आले ते वस्तुतः युद्ध संपल्यानंतरच्या स्तब्धतेचे छायाचित्रण होते.

३

ह्याच अनुभवाची शिदोरी घेऊन बेआतो १८५८ च्या आरंभी कलकत्त्यास उतरले. मार्च १८५८ मध्ये लखनौ इंग्रजांच्या ताब्यात आले आणि त्यानंतर तेथे त्यांनी काम सुरू केले. पुढे कानपूर आणि दिल्लीचीही चित्रे घेतली. त्यांचे सर्वांत परिचित चित्र सिकंदरबागेचे आहे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी कॉलिन कँपबेल ह्यांच्या सैन्याने ह्या बागेवर हल्ला केला आणि आतील सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. चित्रात छिन्नविच्छिन्न दर्शनी भिंत आहे, काही माणसे आणि एक घोडा आहे, आणि पुढच्या अंगणात हाडे व कवट्या विखुरल्या आहेत. हल्ला नोव्हेंबरातला, चित्र पुढील वसंतातले. इतक्या महिन्यांनंतर हाडे अशी उघड्यावर कशी राहिली? चित्रासाठी ती पुन्हा बाहेर काढण्यात आली, असे त्या काळच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींतून कळते. सूझन सोंटॅग ह्यांनी ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’ (२००३) मध्ये आणि झाहिद चौधरी ह्यांनी ‘आफ्टरइमेज ऑफ एम्पायर’ (२०१२) मध्ये ह्या चित्राची चर्चा केली आहे, ती ह्याच कारणाने. ‘जसेच्या तसे’ म्हणून ज्याची ख्याती, ते दृश्य मांडून घेतलेले होते.

ही एका छायाचित्रकाराची लबाडी म्हणून सोडून देता येण्यासारखी बाब नाही. तिच्यामागे एक व्यवस्था आहे. कॅमेरा युद्धस्थळी नेण्यासाठी गाडी लागे, रसायने लागत, हमाल लागत आणि सर्वांत आधी लष्कराची परवानगी लागे. म्हणजे पडलेले शहर पाहण्याचा हक्क ज्याने ते जिंकले त्याच्याकडून मिळे. मुंबईचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्या पिढीत हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखा व्यावसायिक तयार झाला. लखनौमध्येही अहमद अली खान हे उठावापूर्वी उत्तम व्यक्तिचित्रे घेत होते. त्यांनी टिपलेल्या माणसांपैकी काही पुढे वेढ्यात मरण पावली. तेव्हा कॅमेरा हाताळणारे हिंदी हात त्या काळी होते. नव्हता तो १८५८ च्या वसंतात लखनौच्या भग्नावशेषांत मोकळेपणी हिंडण्याचा अधिकार. दरोगा अब्बास अली ह्यांचा पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ अल्बम’ निघाला तो १८७४ साली, आणि तोवर शहराचा चेहरामोहराच बदलून गेला होता.

हा बदल कसा झाला, हेही पाहिले पाहिजे. कारण ‘युद्धातील पडझड’ ह्या शब्दप्रयोगात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. लखनौची काही पडझड तोफांनी केली. परंतु शहर हाती आल्यानंतर रॉबर्ट नेपियर ह्यांच्या योजनेनुसार दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यासाठी फार मोठा भाग पाडण्यात आला. वीणा तलवार ओल्डनबर्ग ह्यांनी ‘द मेकिंग ऑफ कलोनिअल लखनौ’ (१९८४) मध्ये हे तपशिलाने दाखविले आहे. दिल्लीतही लाल किल्ला आणि जामा मशीद ह्यांच्यामधली वस्ती उठावानंतर जमीनदोस्त करण्यात आली. म्हणजे पडलेल्या भिंतीचे चित्र पाहून ती युद्धात पडली की नंतर शांतपणे कुदळीने पाडली, हे सांगता येत नाही. ह्याउलट लखनौची रेसिडेन्सी मात्र मुद्दाम पडक्या अवस्थेतच जपली गेली. तेथील निशाण १९४७ पर्यंत रात्रंदिवस फडकत राहिले. एक अवशेष जतन करावयाचा, बाकीचे नाहीसे करावयाचे, आणि जतन केलेल्याची चित्रे घरोघर पोचवावयाची, अशी ही स्मृतीची वाटणी होती.

४

ह्या वाटणीला स्टिरिओस्कोपने जो आधार दिला त्याचे सर्वांत स्पष्ट तत्त्वज्ञान होम्स ह्यांच्याच लेखनात मिळते. ‘अटलांटिक मंथली’च्या जून १८५९ च्या अंकातील निबंधात त्यांनी असा विचार मांडला की, जोडचित्रामुळे रूप द्रव्यापासून सुटे झाले, एखाद्या वास्तूच्या काही निवडक निगेटिव्ह हाती असल्या की मूळ वास्तू पाडली वा जाळली तरी चालण्यासारखे आहे. हे विनोदाने लिहिलेले असले तरी त्यात यंत्राची मनीषा उघड झाली आहे. ज्या वर्षी हे छापले गेले त्याच सुमारास लखनौच्या वस्त्यांवर कुदळी चालत होत्या, हा योगायोग वाचकाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

परंतु होम्स ह्यांची कथा येथे संपत नाही. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटीटमची लढाई झाली. जखमी झालेल्या मुलाच्या शोधात होम्स स्वतः त्या रणभूमीवर गेले. अलेक्झांडर गार्डनर ह्यांनी त्या लढाईनंतर जी चित्रे घेतली ती बहुतांशी जोडचित्रांच्या कॅमेऱ्याने घेतलेली होती आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधील मॅथ्यू ब्रेडी ह्यांच्या दालनात ती प्रदर्शित झाली. ती होम्स ह्यांच्याकडे आली तेव्हा त्यांना ती पाहवेनात. १८६३ च्या एका निबंधात ते सांगतात की ही चित्रे पाहणे म्हणजे पुन्हा त्या रणभूमीवर जाणेच होते. म्हणून प्रेते पुरावीत तशी ती त्यांनी कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. १८५९ मध्ये द्रव्य फेकून द्यावयास निघालेला लेखक १८६३ मध्ये रूपालाच मूठमाती देतो. मधल्या काळात यंत्र बदलले नव्हते. तो स्वतः त्या जागी जाऊन आला होता.

ह्यावरून एक निष्कर्ष काढता येतो. जोडचित्रातील खोलीचा आस्वाद जो तेथे नव्हता त्याच्यासाठी असतो. जो तेथे होता त्याला ही खोली नको असते, कारण त्याच्यापाशी स्वतःची खोली असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा आस्वाद एखाद्या शिस्तबद्ध पाठ्यक्रमासारखा विकला जाऊ लागला. अमेरिकेतील अंडरवुड अँड अंडरवुड ह्या कंपनीसाठी जेम्स रिकॅल्टन ह्या पूर्वाश्रमीच्या शाळामास्तरांनी हिंदुस्थानची जोडचित्रे घेतली आणि ‘इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप’ हे शंभर जोडचित्रांच्या संचाचे सोबती पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. रिकॅल्टन युद्धाच्या जागा जाणणारे गृहस्थ होते. फिलिपिन्स, १९०० मधील चीन आणि रशिया-जपान युद्धातील पोर्ट आर्थर येथे त्यांनी काम केले होते. कंपनीची पद्धत अशी की, सोबतच्या नकाशावर कॅमेरा कोठे होता आणि त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात किती भाग आला हे रेघांनी दाखवावयाचे आणि मजकुरातून पाहणाराला हात धरून फिरवावयाचे : तुम्ही येथे उभे आहात, समोर हे आहे, उजवीकडे ते. लखनौची रेसिडेन्सी आणि कानपूरचे विहिरीवरील स्मारक ह्या वारीतले ठरलेले मुक्काम होते. पहिल्या महायुद्धात तर हा व्यापार मुंबईपर्यंत पोचला. ‘रिअलिस्टिक ट्रॅव्हल्स’ ह्या प्रकाशनाच्या, फ्रान्समधील उद्ध्वस्त गावे आणि हिंदी पलटणी दाखविणाऱ्या पुठ्ठ्यांच्या कडेवर लंडन, केपटाउन ह्यांच्याबरोबर मुंबईचेही नाव छापलेले असे.

ह्या पद्धतीतील सर्वनाम लक्षणीय आहे. निवेदन द्वितीयपुरुषी आहे. ‘तुम्ही’ म्हणजे खुर्चीत बसलेला ग्राहक. त्याच्यासाठी अवशेषांसमोरची एक जागा राखून ठेवलेली आहे. त्या अवशेषांत कधी काळी राहणाऱ्यांना ह्या वाक्यरचनेत कर्ता होता येत नाही. ते फार तर दृश्यात एका बाजूला, प्रमाण कळावे म्हणून, उभे असतात.

५

आता ‘माझा प्रवास’कडे वळता येईल. गोडसे भटजी १८५७ मध्ये काका रामभटांसह वरसईहून निघाले ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे ह्यांच्या नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल ह्या आशेने. वाटेत महूजवळ त्यांना उठावाची बातमी कळली आणि तरीही ते पुढे गेले. धार, उज्जैन, ग्वाल्हेर असे करीत ते झाशीस पोचले आणि तेथे काही महिने राहिले. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज ह्यांच्या सैन्याने झाशीला वेढा घातला; ३ एप्रिलला ते शहरात शिरले. त्यानंतरची कत्तल, ज्याला भटजी ‘बिजन’ म्हणतात, आणि नंतरची लूट त्यांनी शहराच्या आत राहून पाहिली.

बेआतो आणि भटजी ह्यांच्यातला पहिला भेद जागेचा आहे. बेआतोंचा कॅमेरा भिंतीच्या बाहेर आहे आणि तोफेने पाडलेल्या भगदाडातून आत पाहतो. भटजी भिंतीच्या आत आहेत. त्यामुळे त्यांना पुष्कळ काही दिसतच नाही; ते ऐकू येते. तोफांचा आवाज, गल्लीतील आरडाओरडा, दारावरची धडक, पाण्यावाचून पडलेली कोरड, जळणाऱ्या प्रेतांची दुर्गंधी ह्यांवर ते वर्णन उभे आहे. ‘चित्रदर्शी’ हे विशेषण येथे लागू पडत नाही, ते ह्या कारणाने. झाशीच्या बिजनाचे वर्णन मुळात दृश्यप्रधान नाही. लपलेल्या माणसाला दृश्य परवडत नाही.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे आणि तो काळाचा आहे. झाशी पडण्यापूर्वीची झाशी भटजींनी पाहिलेली आहे. राणीची दिनचर्या, महालक्ष्मीचे देऊळ, हळदीकुंकवाचा समारंभ, वाड्यातील जुन्या पोथ्यांचा संग्रह हे सारे आधी येऊन गेलेले असते. म्हणून पुढे जेव्हा त्या संग्रहाची नासधूस होते तेव्हा वाचकासमोर केवळ विस्कटलेली पाने नसतात. बांधणीत नीट गुंडाळलेल्या पोथ्या आणि विस्कटलेली पाने अशी दोन्ही चित्रे एकाच वेळी असतात. जोडचित्राच्या तंत्राचीच ही रीत आहे : एकाच वस्तूची, थोड्या वेगळ्या ठिकाणांहून घेतलेली दोन चित्रे आणि त्यांच्या विसंगतीतून निघणारी खोली. मात्र पुठ्ठ्यावरील दोन चित्रांमध्ये अंतर अडीच इंचांचे असते आणि दोन्ही एकाच क्षणाची असतात. भटजींच्या दोन चित्रांमध्ये अंतर काळाचे आहे. पहिल्या अंतराने वस्तूचा उठाव कळतो. दुसऱ्याने तिची हानी कळते. उद्ध्वस्ताला ‘आधी’ नसेल तर ते केवळ एक रमणीय रचना होऊन बसते. बेआतोंच्या आणि रिकॅल्टनांच्या चित्रांना हा ‘आधी’ नाही. म्हणून त्यांच्याबरोबर मथळा, नकाशा आणि मार्गदर्शकाचा मजकूर द्यावा लागतो, आणि तो मजकूर ज्याच्या हाती असेल त्याचाच ‘आधी’ त्या चित्राला चिकटतो.

लुटीचे वर्णन ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भटजी लूट एका दृश्यात दाखवीत नाहीत. ती दिवसादिवसांनी सांगतात. आधी मौल्यवान जिनसा, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता, अशी घर रिकामे होण्याची पायरी-पायरीने उतरती मोजदाद होते. वर्णन करणारा माणूस दक्षिणेचा हिशेब ठेवणारा आहे, हे त्याच्या गद्याच्या घाटातही उतरले आहे. छायाचित्रात रिकामे घर दिसू शकते. घर रिकामे होणे दिसत नाही. क्रियापदाची ही जागा गद्याने भरून काढली आहे आणि तिचे श्रेय छायाचित्राच्या उपमेला देणे म्हणजे गद्याचे श्रेय काढून घेणे होय.

६

तथापि ह्या तुलनेतून भटजींना निर्दोष साक्षीदार ठरविण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याची जागा जशी परवानगीने ठरते, तशी भटजींची दृष्टीही त्यांच्या स्थानाने ठरलेली आहे. त्यांचा वावर वाडे, देवळे, आश्रयदाते आणि ब्राह्मणवस्ती ह्यांत आहे. झाशीतील कोष्टी, कारागीर, मजूर ह्यांच्या घरांचा ‘आधी’ त्यांच्यापाशी नाही आणि म्हणून त्या घरांच्या पडझडीला त्यांच्या गद्यात ती खोली मिळत नाही. शिवाय त्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले ह्यांची सरमिसळ आहे. उठावाच्या कारणांविषयी त्यांनी दिलेली चौऱ्याऐंशी कलमांच्या यादीची हकीकत किंवा कानपूरचा वृत्तांत ही ऐकीव सामग्री आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ती बाजूला ठेवावी हे रास्तच. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात वेगळे मोल दिसले पाहिजे. त्या काळी वाटसरू, धर्मशाळा आणि घाट ह्यांतून फिरणारा समज हा त्या अनुभवाचाच भाग होता. पाहिलेले हा एक डोळा आणि ऐकलेले हा दुसरा; दोन्हींत मेळ नाही, आणि त्या विसंगतीनेच त्या वर्षांची लोकमानसातील खोली कळते.

तिसरे अंतर लेखनाचे आहे. भटजींनी जे १८५८ मध्ये भोगले ते १८८३ मध्ये लिहिले. हे लिहावे म्हणून आग्रह धरला तो चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी. भटजी त्यांच्या घराण्याचे उपाध्ये. पंचवीस वर्षांचे हे अंतर विस्मरणाचे मानले जाते आणि त्यावरून ग्रंथाच्या प्रामाण्याविषयी शंका घेतल्या जातात. पण होम्स ह्यांचे कपाट येथे आठवावे. जो तेथे होता त्याला ते चित्र लगेच पुन्हा पाहता येत नाही. हे अंतर जसे स्मृतीला झिजविते तसेच ती सांगण्याजोगीही करते. त्यात राजकीय सावधगिरीचीही भर होतीच. १८८३ मध्ये लिहिलेला मजकूर १९०७ पर्यंत छापला गेला नाही.

आणि छापला गेला तोही जसाच्या तसा नव्हे. वैद्य ह्यांनी भाषा आणि मांडणी त्या काळच्या छापील मराठीच्या वळणावर आणली, काही भाग गाळला. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदार ह्यांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. त्यानंतर वैद्यांची आवृत्ती कालबाह्य झाली आणि पोतदारांची तेवढी अस्सल, असा निवाडा करण्याकडे कल असतो. संहिताशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे. पण वाचनाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. १९०७ हेच वर्ष ‘इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप’चेही आहे. लखनौ-कानपूरचे जपून ठेवलेले अवशेष जेव्हा अमेरिकन दिवाणखान्यांत खोलीसह पाहिले जात होते, तेव्हाच मराठी वाचकाला झाशीच्या पडझडीचा एक काटछाट केलेला वृत्तांत मिळत होता. ही काटछाट स्वतःच एक ऐतिहासिक पुरावा आहे : साम्राज्याच्या ऐन भरात एका सुशिक्षित मराठी संपादकाला काय छापता येईल आणि काय शोभेल असे वाटत होते, ते तिच्यावरून कळते. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून, एकेका प्रसंगाच्या दोन रूपांवर एकाच वेळी नजर ठेवून वाचले, तर कोणत्याही एका आवृत्तीत नसलेली गोष्ट दिसू लागते.

७

हा प्रश्न केवळ एका ग्रंथाचा नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ च्या कायद्याने झाली. तीनच दिवस आधी कानपुरात बीबीघरचे हत्याकांड झाले होते आणि आदल्याच दिवशी हॅवलॉक ह्यांचे सैन्य त्या शहरात शिरले होते. आज सांताक्रूझच्या विद्यानगरी परिसरात ज्या विद्यापीठाचा मराठी विभाग आहे, त्याची जन्मतारीख आणि ‘माझा प्रवास’मधील घटनांची तारीख एकच आहे. मराठीतील आधुनिक विद्या, तिचे वाङ्मयीन निकष आणि ‘हुबेहूब’चे तिला वाटणारे आकर्षण ही सारी त्याच काळाची अपत्ये आहेत. छायाचित्र हे वास्तवाचे अंतिम माप मानावयाचे आणि भिक्षुकाच्या गद्याला त्या मापाने उत्तीर्ण करावयाचे, ही सवय त्या विद्येसोबतच आली. ती सवय तपासणे म्हणजे त्या विद्येचा त्याग करणे नव्हे. भटजींचा ग्रंथ १९६६ मध्ये मूळ रूपात हाती आला तोही त्याच विद्येच्या शिस्तीमुळे.

तपासणीअंती हाती काय येते? छायाचित्र खोटे आणि गद्य खरे, असा सोपा निकाल येत नाही. सिकंदरबागेतील हाडे चित्रासाठी उघडी केलेली असली तरी ती खऱ्या माणसांची हाडे होती, आणि त्या माणसांविषयी दुसरे कोणतेही चित्र आपल्याजवळ नाही. म्हणून ते चित्र टाकून देता येत नाही. ते कोणी, कोणाच्या परवानगीने, किती महिन्यांनी आणि काय हलवून घेतले हे विचारीत पाहावे लागते. गोडसे भटजींचे गद्यही तसेच वाचावे लागते : कोणत्या घरातून, कोणाच्या आश्रयाने, किती वर्षांनी आणि कोणाच्या संपादनातून ते आले, हे विचारीत. दोहोंपैकी एकच डोळा उघडा ठेवला तर दृश्य सपाट होते.

राहता राहिली ती विशेषणे. ‘चित्रदर्शी’ हा शब्द ‘माझा प्रवास’पुरता तरी बाजूला ठेवावा. त्या ग्रंथाने झाशीचे चित्र दाखविलेले नाही. झाशी आधी काय होती आणि नंतर काय उरली, ह्या दोहोंमधले अंतर त्याने मोजले आहे. आणि ते अंतर मोजण्याचे साधन १८५८ च्या कोणत्याही कॅमेऱ्यापाशी नव्हते.